काकूच्या मोबाईलातला कौल

माझा भाऊ मुंबईत राहून आमच्या आईला सांभाळतो. म्हणजे आई इथे, पालीच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं तिथे, आणि भाऊ तिकडे बोरिवलीला. मधे अख्खं कोकण. तरी सांभाळतो हो! मी रत्नागिरीत शाळेत शिकवते, दर रविवारी एसटीने आईकडे जाते, तिचे केस विंचरते, नखं कापते, गॅसची नळी बघून येते. पण ह्याला हल्ली सांभाळणं म्हणत नाहीत. ह्याला जाऊन येणं म्हणतात. सांभाळायला ॲप लागतं.

बाबा गेले त्या वर्षापासून आमच्या घरी पार्सलं यायला लागली. आधी मोबाईल आला, मग वायफाय, मग पडवीत कॅमेरा. कॅमेरा बसवायला पालीहून माणूस आला, त्याला आईने चहा दिला आणि विचारलं, "ह्याच्यातून मुलाला मी दिसणार, मग मला तो दिसेल ना?" तो म्हणाला, "नाही आजी, हे एकाच बाजूने दिसतं." आई म्हणाली, "बरं बाबा." आणि त्या दिवसापासून ती स्वतःच्या पडवीत यायच्या आधी आरशात बघून केस सारखे करायला लागली. नवऱ्याच्या राज्यात कधी केले नव्हते एवढे!

दारात माणूस दिसला की भावाला कळवायचं, हे त्या कॅमेऱ्याचं काम. आता आमच्या दारात माणसांपेक्षा वानरं जास्त येतात आणि कॅमेऱ्याला तेवढा फरक कळत नाही. भाऊ ऑफिसात मीटिंगला बसला की त्याचा मोबाईल वाजायचा, 'दारात व्यक्ती आहे'. की हा तिकडून कॅमेऱ्यात ओरडणार, "कोण आहे? कोण पाहिजे?" पहिल्या दिवशी वानरं त्या आवाजाने टणाटण उड्या मारत फणसावर गेली. पण आठवडाभरात त्यांना उमगलं की हा नुसता ओरडतो, येत काही नाही. मग ती कॅमेऱ्याच्या समोर मांडी ठोकून आमच्या पपया खायला लागली. आई मला फोनवर म्हणाली, "तुझ्या भावाला आता वानरंपण विचारीत नाहीत गो." शेवटी भावाने वैतागून त्या सूचनाच बंद करून टाकल्या.

मग डॉक्टरांनी आईला चालायला सांगितलं. झालं! भावाने तिच्या मोबाईलात पावलं मोजायचं ॲप घातलं. रोज संध्याकाळी तो मुंबईत बसून तिची पावलं बघायचा आणि आमच्या घरच्या ग्रुपवर शाबासकी टाकायचा. त्याच्या खाली सगळे भाऊबंद टाळ्या वाजवायचे. मला कौतुक वाटायचं, की ह्या वयात बाई एवढी चालते! एका रविवारी मी जरा लवकर पोचले. बघते तर मोबाईल झोपाळ्यावर उशीच्या खाली, आणि आई बाजूला पाटावर बसून एका पायाने झोपाळ्याला झोका देत पावटे सोलतेय.

"हे काय चाललंय?"

"चालतोय तो," आई म्हणाली. "तुझ्या भावाला आकडा हवा, मला पावटे सोलायचेत. दोघांचंही होतं."

खरी गंमत अशी, की दिवसभर त्या बाईच्या पायाला भिंगरी असते. विहीर, गोठा, माडांचं आगर, परत गोठा. पण तेव्हा मोबाईल आपला घरात चार्जिंगला. म्हणजे ती चालायची तेव्हा कोणी मोजत नव्हतं, आणि बसायची तेव्हा शाबासकी मिळत होती. मी भावाला काही सांगितलं नाही. मलाही पावटे हवे होते.

त्यानंतर आलं घड्याळ. हे घड्याळ हातात असताना माणूस पडला, की ते मुलाला फोन लावतं म्हणे. चांगली गोष्ट आहे, नाही कशाला म्हणू? फक्त आमच्या आईने दगडावर नारळ आपटला तरी त्याला वाटायचं बाई पडली. कपडे धोपटले, बाई पडली. लाकूड फोडलं, बाई पडली. भावाचा फोन यायचा, तिने उचलला नाही की शेजारच्या घरात काकूला जायचा, आणि काकू चुलीवरचं टाकून धावत यायची, "वहिनी, पडलात काय?" ही माझी काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तिचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्याने तिलाही मोबाईल दिलाय. पण आईला मोबाईल हे ओझं आणि काकूला तो जीव की प्राण. आंब्याला मोहर आला, काढ व्हिडिओ. गाय व्याली, काढ व्हिडिओ. आणि प्रत्येक व्हिडिओत पुढे काकू, मागे ती गाय. काकूशिवाय आमच्या गावात गेल्या काही वर्षांत काही घडलेलंच नाही.

दिवाळीनंतर आई खरीच पडली. अंगणात नवीन खळं केलं होतं, ते सारवताना स्वतःच सारवलेल्यावर पाय सरकला आणि हातावर आपटली. घड्याळ कुठे होतं? खुंटीला. शेणाच्या हाताने एवढं महागाचं घड्याळ कोण घालील? कॅमेरा पडवीतून सगळं बघत होता, पण वानरांच्या कृपेने त्याचं तोंड बंद केलेलं. काकू ताक मागायला आली तेव्हा तिला आई खळ्यात बसलेली दिसली, एक हात दुसऱ्या हातात धरून. मनगटाचं हाड मोडलं होतं. मी रत्नागिरीहून धावले, प्लास्टर घालून आणलं, आणि त्या संध्याकाळी भावाचा फोन आला, तो मी स्पीकरवर लावला.

"बास झालं," तो म्हणाला. "आई आता मुंबईला यायची."

मी म्हटलं, "हात मोडलाय, घर नाही मोडलेलं."

"तुला काय जातं बोलायला? उद्या काही झालं तर?"

"मी आहे ना इथे."

"तू रत्नागिरीत आहेस."

"आणि तू काय खळ्यात बसलायस?"

असं आमचं बराच वेळ चाललं. आम्ही दोघंही शहाणी, शिकलेली. भांडताना आई समोरच बसलीय हे दोघांच्याही लक्षात नाही. तुम्हाला सांगते, मुंबईला जायचं म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. गाय कोणाला तरी द्यायची. मागच्या दाराला आतून अडसर, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. आमच्याकडे घराला एकदा कुलूप लागलं की ते उघडतं गणपतीला, तेही झाडून पुसून परत बंद करायला. भावाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटात मी आईला डोळ्यांसमोर आणून बघितलं. तिने तिथे करायचं काय? लिफ्टला झोके द्यायचे?

आई दोन्ही बाजू ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भांडू नका. देवीला विचारू. ती सांगेल तसं करू."

आमच्याकडे मोठी गोष्ट असली की ग्रामदेवीला कौल लावतात. मुलीचं लग्न असो, विहीर खणायची असो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक ओली कळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग बघत बसायचं. उजवीकडची पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. कुठल्याचा अर्थ काय, हे आधीच देवीला सांगून ठेवायचं. आता ही उजवी-डावी धरायची ती देवीची, आपली नाही. देवीचा उजवा खांदा समोरून बघणाऱ्याला डावीकडे दिसतो. एवढं आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मला वाटलं होतं, भाऊ ह्याला हसेल. पण तो एकदम कबूल झाला. फक्त त्याची एक अट, "मला लाइव्ह दिसलं पाहिजे."

देवळात कसलं लाइव्ह! आमची देवी रेंजच्या बाहेर बसली आहे. देवळाच्या आसपास रेंज येते ती खाली एसटीच्या थांब्यावर, तीही उभं राहिलं तर. बसलं की जाते. मग असं ठरलं, की काकूने कौलाचा व्हिडिओ काढायचा आणि थांब्यावर येऊन ग्रुपवर टाकायचा. काकूने ठेवणीतली साडी नेसली, नथ घातली. माझ्या शाळेत त्या दिवशी परीक्षा होती, मला सुट्टी मिळाली नाही. पण तो व्हिडिओ मी एवढ्या वेळा बघितलाय, की मी देवळातच होते असं मला आता वाटतं.

व्हिडिओ सुरू होतो काकूच्या हनुवटीपासून. मग मोबाईल वर जातो आणि सगळी काकू दिसते, नथीसकट. तिच्या खांद्यावरून मागे गाभारा, देवी आणि हात प्लास्टरमध्ये बांधलेली आई. गुरवाचा आवाज येतो, "अगो काकू, देवीला पाठ काय दाखवतेस?" काकू म्हणते, "पाठ नाही हो, मी पण यायला नको का त्याच्यात?" मग ती जराशी तिरकी होते. गुरव गाऱ्हाणं घालतो. "बाय माझे, ही तुझी लेक पायाशी आली आहे. हात मोडलाय हिचा. हिने गावातच राहायचं असेल तर उजवा कौल दे, मुंबईला लेकाकडे जायचं असेल तर डावा दे, आणि काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल." काकू थेट मोबाईलात बघून मोठ्याने म्हणते, "होय महाराजा!" नंतर बराच वेळ नुसती काकूच दिसते, मधूनच केस मागे सारताना. आणि एकदम मागे एक कळी टप्‌कन खाली येते. गुरव ओरडतो, "दिलान! देवीनं झटक्यात दिलान!" कुठला दिला ते तो बोलत नाही. समोर दिसत असताना बोलायचं कशाला? आईचा बांधलेला हात कपाळाला लागतो, आणि व्हिडिओ संपतो.

कळी बघणाऱ्याच्या उजव्या बाजूला पडलेली दिसते. म्हणजे देवीच्या डाव्या. काकूने थांब्यावर उभं राहून व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'देवीने डावा दिला. वहिनी मुंबईला चालल्या.' आणि त्याच्यापुढे हात जोडलेली ओळभर चित्रं.

मग ग्रुप जो पेटला! कोणी देवीचा जयजयकार केला, कोणी 'अभिनंदन' टाकलं. एका आत्तेभावाने सवयीप्रमाणे 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' दिल्या. काकूचा पुण्याचा मुलगा म्हणाला, "स्क्रीनवर उजवीकडे पडली म्हणजे उजवा झाला ना?" त्याला मोठ्यांनी झाप झाप झापला, पुण्यात राहून देवीची बाजूपण विसरलास म्हणून. त्याने तो व्हिडिओ कुठल्याशा बुद्धिमान ॲपला दाखवला आणि कौल कुठला ते विचारलं. ॲपने साडीच्या रंगाचं कौतुक केलं, फुलांची माहिती दिली, हा एक भावनिक निर्णय आहे असं सांगितलं, आणि शेवटी, ज्येष्ठांच्या बाबतीत कुटुंबाने मोकळेपणाने बोलावं आणि गरज पडल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असं मधाळ उत्तर दिलं. तरीही एकमत होईना, तेव्हा कोणीतरी ग्रुपवर मतदान टाकलं! देवीने काय सांगितलं: मुंबई, गाव, की सांगता येत नाही? आणि लोकांनी मतं दिली हो! दुबईतल्या मामेभावाने 'सांगता येत नाही'ला दिलं. त्याचं आयुष्यच तसं आहे.

मुंबई निवडून आली. भावाने लगेच तिकिटं काढली आणि आईला फोन केला. ते दोघं काय बोलले ते मला तेव्हा कळलं नाही. मला आईचा फोन आला तो एवढाच, "रविवारी येशील तेव्हा मोठी बॅग घेऊन ये." आवाज साधा, जसं काही पोहे आणायला सांगतेय. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. देवीचाही राग आला मला. म्हटलं, एवढी वर्षं हिने तुझी ओटी भरली, आणि तू हिला सातव्या मजल्यावर पाठवतेस?

दोन दिवस मी तो व्हिडिओ लावून लावून बघितला. कशासाठी, ते मला सांगता यायचं नाही. आई त्याच्यात उभी होती म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता परत लावला, तर माझ्या शेजारी बसलेली शिक्षिका वाकून बघत म्हणाली, "तुझ्या काकू गुजराती आहेत का गं?"

"गुजराती? काहीतरीच! का?"

"मग पदर उजव्या खांद्यावर कसा?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. बघते तर खरंच की! काकूचा पदर उजव्या खांद्यावर, नथ उजव्या नाकपुडीत. आणि मागे आई, तिचा मोडलेला हात डावा, तो प्लास्टरमध्ये. आणि व्हिडिओत प्लास्टर उजव्या हाताला! अरे देवा! स्वतःला दिसावं म्हणून काकूने पुढचा कॅमेरा लावला होता, आणि तिच्या मोबाईलात पुढच्या कॅमेऱ्याने काढलं की आरशासारखं उलटं उमटतं. काकू उलटी, आई उलटी, देवी उलटी. कळी पडली होती देवीच्या उजव्या खांद्यावरून. देवीने सांगितलं होतं, राहा!

मी तिथूनच काकूला फोन लावला. "काकू, कळी पडली ते तू डोळ्यांनी बघितलंस?"

"म्हणजे काय! ह्या डोळ्यांनी बघितलं. मोबाईलात."

"मोबाईलात नाही गं, देवीकडे बघितलंस का?"

"देवीकडे कशी बघणार?" काकू म्हणाली. "ती मागे होती ना."

आता ह्या बाईला काय म्हणावं? देवीच्या हाताच्या अंतरावर उभी राहून तिने देवीचा कौल मोबाईलवर बघितला. आणि आम्ही सगळे, मुंबई-पुणे-दुबईतले, तिच्या खांद्यावरून. मी हसत सुटले. व्हिडिओ उलटा करायचं एक ॲप मोबाईलात घातलं, काकू सरळ केली, पदर डाव्या खांद्यावर आला आणि कळी जिथे पडायला हवी होती तिथे पडली. ग्रुपवर टाकायला बोट पुढे केलं, तेवढ्यात वाटलं, नाही, आधी आईला. तिचा चेहरा मला समोर बघायचाय. हेडबाईंना सांगून अर्धी रजा टाकली आणि दुपारची एसटी पकडली. वाटभर मी एकटीच हसत होते. कंडक्टरने दोनदा वळून बघितलं.

आई माजघरात खाली बसून एका हाताने बॅग भरत होती. कुळथाचं पीठ, आंबोशी, आमसुलं, फणसाचे तळलेले गरे. कपडे दोनच जोड, बाकी सगळा लेकाचा खाऊ.

"आज कशी गो? शाळा नाही?"

"आई, बॅग ठेव बाजूला! तू कुठे जात नाहीयेस. देवीने तुला राहायला सांगितलंय!" मी मोबाईल तिच्यासमोर धरला आणि एका दमात सगळं सांगितलं, पदर, नथ, आरसा, प्लास्टर. मला वाटलं होतं, तिला हसू फुटेल, निदान देवीच्या दिशेला हात तरी जोडेल. तिने व्हिडिओकडे बघितलंसुद्धा नाही. आमसुलांच्या पिशवीला गाठ मारायचा प्रयत्न करत होती, एका हाताने ती बसत नव्हती.

"ही जरा बांध," ती म्हणाली.

"आई, कळलं का मी काय म्हणतेय?"

"कळलं. उजवा दिलान. मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी तिथे उभी होते ना गो. समोर. माझ्या डोळ्यांसमोर पडली कळी."

खरंच की. एवढी चर्चा झाली, मतदान झालं, पुण्याच्या ॲपला विचारून झालं, मी काकूला विचारलं. पण जी बाई देवीच्या समोर उभी होती, जिच्यासाठी कौल लावला, तिला 'काय झालं' म्हणून आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं.

मला भडकायलाच झालं. "मग गप्प का बसलीस? तिकिटं निघाली, गाय गावातल्या खोतांकडे द्यायचं ठरलं, मी तिकडे रडतेय आणि तू इथे आमसुलं भरतेस! एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला?"

"बोलणार होते. देवळातून आले तेव्हा सांगणारच होते. पण आधी त्याचा फोन आला." आई भिंतीला टेकली. "म्हणाला, आई, देवीनं ऐकलं माझं. रडत होता गो. मी दोन मुलं वाढवली, तो लहानपणी पडला तरी रडायचा नाही. म्हणाला, ऐकलं माझं. आता त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू, की नाही ऐकलंन म्हणून?"

"पण तुला राहायचंय ना इथे?"

"मला इथेच राहायचंय," आई म्हणाली. एवढं स्पष्ट ती आयुष्यात कधी बोलली नसेल. "मरायचंय पण इथेच. पण तो भितो. तुम्ही त्याला हसता, कॅमेरा लावतो, पावलं मोजतो. मी पण हसते. पण बाबांचं शेवटचं तोंड त्याने कुठे बघितलंन? मोबाईलात. लॉकडाऊनात गाड्या बंद होत्या, तो तिकडे अडकलेला. तूच धरला होतास ना मोबाईल, त्यांच्या तोंडासमोर? तेव्हापासून तो रात्रंदिवस त्या काचेत बघत बसलाय. माझंही तसंच होईल म्हणून भितो."

मला तो मोबाईल आठवला. आतून भाऊ म्हणत होता, ताई, हलवू नको ना गं, मला नीट दिसत नाहीयेत. मी खाली बसले. आमसुलांच्या पिशवीला गाठ मारली, सोडली, परत मारली.

"आणि देवी?" मी विचारलं. "तिने राहा म्हटलं असताना तू निघालीस, तिला काय वाटेल?"

"तिला सांगून आल्ये काल. एकटीच गेले होते, काकूला न घेता. म्हटलं, बाय, तुझं ऐकायचंच आहे मला. पण थोडी मुदत दे. पोर भ्यालंय, त्याची भीती काढून येते. तोवर घर बघ." गायीला न्यायला येतील त्यांना सांगायचं, म्हणाली, की दिलेली नाही, सांभाळायला ठेवलीय.

"आणि भीती नाही गेली त्याची तर?"

"जाईल. रोज समोर बसून जेवणार ना मी त्याच्या. भाजीत मीठ कमी म्हणणार, पंखा बंद कर म्हणणार, पोरं उशिरा उठतात म्हणून बडबडणार. किती दिवस काढेल? कंटाळेल." आईने बॅगेची चेन एका हाताने ओढली आणि दुसरं टोक धरायला मला खुणावलं. "आईला कंटाळला की समज पोर बरं झालं. मग स्वतःच आणून सोडील मला."